हरबाची आक्का

पंचफुलाबाईंच्या तेराव्याला मांडव कमी पडला. आईच्या ओळखीची माणसं हाताच्या बोटांवर मोजावीत एवढीच, हे बबिताला ठाऊक होतं. बाकीची गर्दी हरबाला बघायला आली होती.

हरबा म्हणजे आठच्या मालिकेतला नायकाचा मित्र. नायक देखणा होता, पण त्याचं नाव लोक विसरायचे आणि हरबाचं लक्षात ठेवायचे. नायकासाठी मार खाणारा, उपाशी पोरापुढे आपली भाकर सरकवणारा, वहिनीबाईंशी बोलताना मान वर न करणारा हा गडी कुणाला आवडला नसता? बायकांवर त्याचं एक ठरलेलं वाक्य होतं. "भिंतीला कान आन् बाईला जबान," एवढं म्हणून तो थांबायचा, डोळे बारीक करायचा आणि मग सोडायचा, "देवानं अक्कल वाटली तवा दोघी बी घरातच!" त्या थांबण्याची लोकांना एवढी सवय झाली होती की पुढचा भाग तेच पुरा करायचे. लातुरात रिक्षांच्या पाठीवर ते वाक्य रंगवलेलं होतं. क्लासमध्ये एखाद्या मुलीचं उत्तर चुकलं की सर पहिला अर्धा भाग म्हणायचे आणि शे-दीडशे पोरं उरलेला म्हणायची.

त्याच्या बोलण्यात एक आक्का यायची. पडद्यावर ती कधी दिसली नाही, पण दर दोन-चार भागांत तिचा किस्सा ठरलेला. आक्का अशी बोलते, आक्का तशी बोलते. आक्का भूकंपात गाडली गेली, डोक्यावरचं अख्खं मातीचं माळवद उरावर पडलं, पण तोंड काही बंद न्हाई. "म्या वरून दगड उपसायलोय आन् ही खालून बडबड करायली. म्हणलं आक्के, दम राखून ठेव, वर आल्यावर आयुष्यभर बोलायचंच हाय तुला!"

हरबाचं काम करणारे भगवानराव हे बबिताचे सख्खे मामा. आणि ती आक्का म्हणजे तिची आई.

लातुरातल्या क्लासेसच्या गल्लीत बबिताच्या धाकट्या भावाचं, भारतचं, घर होतं. खाली मेस आणि वर डॉक्टर व्हायला आलेल्या मुलींच्या खोल्या. आठ वाजता मुली जेवायला खाली उतरायच्या, टीव्ही लागायचा आणि आईला मधल्या खुर्चीत बसवलं जायचं. हरबाची आक्का! मुली तिच्यासोबत फोटो काढायच्या, आजी, काहीतरी बोला ना, म्हणायच्या. आई पदर तोंडाला लावून हसायची. लोकांना वाटायचं, लाजते. फक्त बिलोलीची मनतशा नावाची मुलगी एकदा बबिताच्या कानाशी लागली होती. "मॅडम, टीव्हीतली आक्का कोणी दुसरीच है क्या? आजी तर दिवसभर एक शब्द बोलत नाहीत."

खरंच बोलत नव्हती. भूकंपानंतर आईनं मोजकंच बोलणं ठेवलं होतं. मीठ दे, दार लाव, जाऊन ये. भिंतीला टेकून ती कधी बसली नाही. अंथरूण खोलीच्या मधोमध घालायची. पाहुण्यांना अडचण व्हायची, पण तिनं ते हलवू दिलं नाही.

गाव झोपेत पडलं तेव्हा बबिता लातुरात अकरावीला होती, म्हणून वाचली. वडील गेले. तीन वर्षांची शेवंता गेली. भारत आणि आई वाचले, ते मामामुळे. मामाचं गाव कोसभरावर. तिथली घरं कुडाची आणि पत्र्याची, म्हणून उभी राहिली. तो धावत आला आणि पहार मिळेपर्यंत हातांनी दगड उपसत राहिला. बबिता पोचली तेव्हा त्याच्या दोन्ही हातांना चिंध्या बांधलेल्या होत्या. बोटांना नखं उरली नव्हती. पुढे बबिताचं लग्न उरकून टाकायची भाषा भावकीत निघाली, तेव्हा हाच मामा पत्र्याच्या शेडच्या दारात आडवा बसला होता. पोरगी शिकल, म्हणाला. आज ती नांदेडच्या कॉलेजात मराठी शिकवत होती, ती त्या बसण्यामुळे. अशा माणसाच्या विनोदावर हसू आलं नाही तर दोष हसणाऱ्याचाच, असं तिनं कितीतरी वर्षं स्वतःला समजावलं होतं. पुस्तकांत असे विदूषक तिनं ढिगानं वाचले होते. वर्गात ती ते उलगडून दाखवायची. घरातल्या विदूषकापुढे मात्र ती चहाचा कप पुढे करायची.

शेवटचे दोन महिने आई तिच्याकडे नांदेडला होती. दवाखान्यात आईनं पहिल्या दिवशी पलंग भिंतीपासून लांब घ्यायला लावला. एका दुपारी, वॉर्डातल्या टीव्हीवर मालिकेचा जुना भाग लागलेला असताना, आई आपणहून बोलली. हळू, पण न अडखळता, जणू वाक्यं कधीची लावून ठेवलेली होती.

"म्या बडबड न्हवते करत. सांगत होते त्याला. शेवंता न्हाणीच्या अंगाला हाय, उतरंडीपाशी, तिकडून उकर. माझा पदर तिच्या मुठीत होता. अंधारात दिसत काय न्हवतं, पण वढ कळायची. ती वढायची, म्या सांगायची. तो म्हणायचा, आक्का, गप."

बबितानं विचारलं, मग?

"मग वढ थांबली. म्या बी थांबले."

टीव्हीवर हरबा काहीतरी म्हणाला आणि शेजारच्या पलंगावरची बाई खुदकन हसली. आईनं बबिताचं मनगट धरलं. "त्याला काय म्हणू नको. त्याची बी नखं गेली होती."

एवढं सांगून आईनं आपलं ओझं उतरवलं आणि लेकीच्या तोंडाला कुलूप घातलं.

तेराव्याच्या सकाळी मामा मुंबईहून आला. गल्लीच्या तोंडाशी गाडी अडली, कारण क्लास सुटला होता आणि पोरांचा लोंढा त्याच्याभोवती जमला होता. त्यानं कुणालाही झिडकारलं नाही. आत आल्यावर आईच्या फोटोपुढे तो मटकन बसला आणि लहान पोरासारखा रडला. खरं रडला. नाटकातलं रडणं आणि खरं रडणं बबिताला वेगळं ओळखता येत होतं.

जेवणं व्हायच्या आधी त्यानं तिला आणि भारतला स्वयंपाकघराकडे बोलावलं. मालिकेतही आता आक्का जाणार होती, त्यानं सांगितलं. लोकांना ते खरं वाटेल. त्याआधी एक मोठं दृश्य ठरलं होतं: भूकंपाची पहाट. खोटं माळवद उभं करणार होते. वरून हरबा दगड उपसतोय आणि खालून आक्काचा आवाज, न थांबणारा. आधी लोक पोट धरून हसतील, मग रडतील. "आजवर आक्का कुणाला दिसली न्हाई. आता निदान तिचा आवाज तरी घराघरात जाईल. तिची आठवण ऱ्हाईल बबे, आपण मेलो तरी." भारत कधीच हो म्हणून बसला होता. त्याचे डोळे भरले होते. "पण तू मोठी हाईस, शिकलेली हाईस," मामा म्हणाला. "तू हाव म्हणल्याबिगर म्या काम करणार न्हाई."

बबितानं आधी जेवणं होऊ द्या म्हटलं. कढईतलं बेसन उगाच ढवळत ती उभी राहिली. हो म्हटलं तर आई पुन्हा दगडांखाली जाणार होती आणि या वेळी तिच्या आवाजावर अख्खा महाराष्ट्र हसणार होता. नाही म्हटलं तर कारण सांगावं लागणार होतं, आणि ते सांगू नको असं आईनंच बजावलं होतं. बाहेर मांडवातून हशा येत होता. मामा पाहुण्यांना आक्काचे किस्से सांगत होता. मेलेल्या माणसाच्या घरात इतकं हसू तिनं कधी ऐकलं नव्हतं. आणि ते कुणाला वावगंही वाटत नव्हतं.

जेवणं झाल्यावर आहेराला बसले. तेराव्याला माहेरच्या माणसानं गेलेल्या बाईच्या लेकरांना दुखवट्याची कापडं करायची, ही रीत. मुलाच्या डोक्याला कापडाची टापर बांधायची, मुलीच्या खांद्यावर लुगडं टाकायचं. ते घेतलं की दुखवटा फिटला, माणसं हसाय-बोलायला मोकळी झाली. वरच्या मुली जिन्यात दाटीवाटीनं उभ्या राहिल्या. मोबाइल वर झाले.

मामानं आधी भारतला टापर घातली. मग घडी मोडून हिरव्या काठाचं लुगडं त्यानं बबिताच्या खांद्यावर टाकलं. पदराचं टोक हातात धरून, माणसांकडे वळून तो म्हणाला, "ही आमची बबी. आक्कानं जलमभर बोलून दमवलं, हिनं न बोलून दमवलंय. सांग आता माणसांसमोर. हाव का न्हाई?"

मांडव हसला. मामाचा हात प्रेमानं तिच्या डोक्यावर आला. आता वाकून पाया पडायचं आणि हो म्हणायचं, एवढंच बाकी होतं.

"मामा," बबिता म्हणाली, "एक लुगडं कमी पडलं."

मामाला कळेना. त्यानं पिशवीकडे पाहिलं.

"आम्ही तिघं. शेवंताचं राहिलं."

शेवंताचं नाव त्या घरात कोणी घेत नसे. त्या दिवसांत गावांत तेरावं घालायला माणसंच उरली नव्हती. तिथं तीन वर्षांच्या पोरीच्या आहेराची आठवण कुणाला राहणार? भारत खालच्या आवाजात म्हणाला, "बबीताई, गप ना. सगळे बघायलेत."

गप. बबितानं त्याच्याकडे पाहिलं. तेव्हा सहा वर्षांचा असलेला हा पोरगा त्या पहाटे सगळ्यांत आधी ढिगाऱ्याबाहेर निघाला होता. त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

मग ती मामाच्या अगदी जवळ सरकली, फक्त त्यालाच ऐकू जाईल एवढी. "आई बडबडत नव्हती. न्हाणीच्या अंगाला, उतरंडीपाशी, असं सांगत होती. मरताना मला म्हणाली, त्याला काही बोलू नको. मी बोलले. आता तुम्ही सांगा, त्या दृश्यात खालून ती काय बोलणार?"

मामाचा चेहरा हलला नाही. इतकी वर्षं पडद्यावर तो चेहरा तिनं पाहिला होता, त्याच्या प्रत्येक थांबण्याची लांबी तिला पाठ होती. हे थांबणं त्यातलं नव्हतं.

"ऐकू आलं होतं," तो म्हणाला.

तिला वाटलं, आपल्याला भास झाला.

"सगळं ऐकू आलं होतं, बबे. पर इकडून भारत बी रडत होता. म्हणलं, आधी पोरगा काढू. वंशाला एक तरी..." त्यानं पदराचं टोक मुठीत आवळलं. "तिला गप म्हणलो, कारण ऐकवत न्हवतं मला."

म्हणजे तो विसरला नव्हता. दर दोन-चार भागांत ती पहाट तो उकरून काढत होता आणि लोकांना हसवून पुन्हा पुरत होता. आईलाही हे कळलं होतं का? कळलं असेल. मधल्या खुर्चीत बसून ती पदर तोंडाला लावायची, ते आता बबिताला वेगळं दिसलं.

"ते दृश्य करू नका," ती म्हणाली.

"न्हाई करत." तो लगेच म्हणाला. मग, विहिरीच्या तळातून यावा तशा आवाजात, "पर मला दुसरं काय येतं, बबे?"

तेवढ्यात जिन्यातून एक मुलगी ओरडली, "हरबामामा, डायलॉग!" दुसरीनं री ओढली. मागच्या पंगतीतले बाप्ये टाळ्या वाजवू लागले. दुखवटा फिटला होता, आता हरकत कसली? मामानं वळून त्यांच्याकडे पाहिलं. दोन्ही हात जोडायला गेला, पण एका हातात पदराचं टोक तसंच होतं.

"आज न्हाई, पोरींनो," तो म्हणाला. "आज मला बोलता येईना."

असा पडेल चेहरा करून तो मालिकेतही म्हणायचा. मुली खळखळून हसल्या. कुणीतरी पहिला अर्धा भाग सुरू केला, "भिंतीला कान आन् बाईला जबान," आणि सगळ्या जणी क्षणभर थांबल्या, जसं थांबायचं तसंच. मग साऱ्या मांडवानं उरलेला भाग पुरा केला. बायकांनीसुद्धा केला. जिन्याच्या कठड्याशी मनतशा तेवढी ओठ मिटून उभी होती. तिचा मोबाइल खाली आला होता.

मामा हसत होता. हसल्याशिवाय त्याला सुटका नव्हती. फोटोतल्या आईच्या बाजूला उभं राहून बबिता त्याच्या मुठीकडे बघत होती. नखं परत आली होती, पण वाकडी. त्या मुठीत पदर घट्ट धरलेला होता, आणि खांद्यावर तिला त्याची ओढ कळत होती.