घोटा की गुडघा

डॉक्टरबाईंचा उजवा खांदा आठ महिने आखडलेला होता. त्या जनावरांच्या डॉक्टर. लस टोचायला आणलेल्या एका आडदांड कुत्र्याने पट्ट्याला असा हिसडा दिला, की तेव्हापासून हात खांद्याच्या वर जाईना. केस विंचरायचे तर मान खाली घालून, वरच्या फळीवरचा डबा काढायचा तर नवऱ्याला हाक मारून. गोळ्या झाल्या, शेक झाले. शेवटी धाकट्या बहिणीने परस्परच एका कुंग फू शिकवणाऱ्या मास्तरांकडे त्यांचं नाव घातलं.

"ताई, ते एका वेळी एकालाच शिकवतात. तुझ्या खांद्याचं सगळं सांगितलंय मी त्यांना. प्राण्यांसारख्या हालचाली करायच्या असतात. तुला तर घरचंच काम!"

"म्हणजे दिवसभर प्राणी आणि संध्याकाळी माकडचेष्टा," बाई म्हणाल्या. पण गेल्या. प्राण्यांसारख्या म्हणजे नेमक्या कशा, असला किडा एकदा डोक्यात शिरला की त्यांना गप्प बसवत नसे.

लाँड्रीच्या डोक्यावर एक लांबट खोली होती. खालून वाफ आणि साबणाचा वास येत होता, एका भिंतीला आरसा, कोपऱ्यात टांगलेली वाळूची पिशवी. मास्तर साठीचे, बुटके, काटक. बोलणं इतकं हळू, की ऐकायचं तर जवळ जावं लागे.

सुरुवात उभं राहण्यापासून झाली. पाय फाकवायचे, गुडघे वाकवायचे आणि नसलेल्या खुर्चीवर बसायचं. मिनिट होतंय न होतंय तोच बाईंच्या मांड्या लटलट कापायला लागल्या. मास्तर शेजारीच तसेच बसले होते, बसची वाट पाहणाऱ्या माणसासारखे निवांत.

मग वाघ आला. मास्तरांनी बोटं आकड्यासारखी वाकवली, दात आवळले आणि पंजा छातीपासून पुढे फेकला. पिशवी हलली. "आता तुम्ही. डाव्याने करा. उजवा हात जाईल तिथवरच."

बाईंनी डावा पंजा उगारला आणि तसाच धरून ठेवला.

"काय झालं? दुखलं?"

"नाही. पण मास्तर, वाघ असा नसतो हो. नखं तो आत ठेवतो. चालताना, दबा धरताना, अगदी झेप घेतानासुद्धा. भक्ष्याला भिडताना काढतो. तुम्ही तर आधीपासूनच काढून बसलात."

बोलून गेल्यावर त्यांनी जीभ चावली. पहिलाच दिवस, आणि आपण मास्तरांनाच शिकवायला निघालो! पण मास्तरांच्या कपाळावर एक आठी नव्हती. त्यांनी बोटं सैल सोडली, पिशवीसमोर उभे राहिले आणि हात नुसता जाऊ दिला. बोटं वळली ती पिशवीला टेकता टेकता. पिशवी मागच्या भिंतीवर जाऊन आदळली. खालून लाँड्रीवाला ओरडला, "अहो, छत पाडता का?"

"पुन्हा सांगा," मास्तर म्हणाले आणि सरळ जमिनीवर मांडी घालून बसले. "आणखी काय काय चुकतं माझं?"

"चूक कशी म्हणू? वाघ म्हटलं तरी खातो, वाघोबा म्हटलं तरी खातो. तुमचा वाघ लागतो ना, झालं तर."

"ते राहू द्या. करकोच्याचं सांगा." मास्तर उठून एका पायावर उभे राहिले. दुसरा पाय पोटाशी घेतलेला, हात पंखांसारखे पसरलेले. "हा त्याचा गुडघा. इथे सगळा तोल."

"त्याचा गुडघा दिसतच नाही. तो वर पिसांत असतो. आपल्याला जो मागे वाकलेला दिसतो, तो त्याचा घोटा."

मास्तरांचा पाय खाली आला. "म्हणजे तीस वर्षं मी घोट्याला गुडघा म्हणतोय?"

"तुम्हीच नाही, सगळं जग म्हणतं."

"माझ्या गुरूंनी करकोचा फक्त कॅलेंडरवर पाहिला होता," मास्तर म्हणाले. "त्यांच्या गुरूंचं काय, देव जाणे." आणि जरा वेळाने, "मी एकदा तुमच्या दवाखान्यात येऊन बसलो तर चालेल?"

गुरुवारी सकाळी ते आले. टेबलावर एक पिवळा बोका होता, कान सुजलेला. मालकीणबाईंनी त्याला पुढून धरलं होतं, मदतनिसाने मागून. बाईंनी कानाला कापूस लावला मात्र, बोका चार हातांतून पाण्यासारखा निसटला आणि चार बोटांच्या फटीतून कपाटाखाली गडप झाला.

मास्तर जमिनीवर आडवे होऊन फटीत डोकावत होते. "एवढा गलेलठ्ठ गेला कुठून?"

बोक्याला बाहेर काढून गुंगीचं औषध दिल्यावर बाईंनी मास्तरांचा हात धरून त्याच्या खांद्यावर ठेवला. "दाबा. सरकतंय ना खांद्याचं पातं? आपलं गळ्याखालचं हाड खांद्याला खिळलेलं असतं. याचं एवढंसं, मांसात नुसतं तरंगतं. पुढचे पाय धडाला हाडाने जोडलेलेच नाहीत. डोकं शिरलं की खांदे मागोमाग येतात." मास्तर त्या पात्यावर बोटं फिरवत राहिले. मालकीणबाईंनी दोनदा खाकरून पाहिलं, तेव्हा कुठे त्यांनी हात काढला.

पुढच्या धड्याला पंजे नव्हते, झेप नव्हती. "तुमचं हाड काही मला काढता येत नाही," मास्तर म्हणाले. "पण पातं सरकवता येईल. चार पायांवर या."

डॉक्टरबाई शेहेचाळिसाव्या वर्षी सतरंजीवर रांगल्या. छाती दोन खांद्यांच्या मधे सैल सोडायची, मांजर कपाटाखाली जातं तशी. घाई नाही. तीन फेऱ्या झाल्या. चौथीला पाठीत काहीतरी आपलं आपण हललं.

"आता भिंतीपाशी. हात उचलू नका. पातं खाली जाऊ द्या, हात आपसूक वर येईल."

बोटं भिंतीवरून चढू लागली. खांद्याशी आली, तिथे नेहमीची कळ यायची. ती आली नाही. बोटं कानाशी पोचली, कानाच्या वर चार बोटं गेली, आणि मग बाईंच्या तोंडून "आई गं" निघालं.

"दुखलं?"

"दुखलं. पण नव्या ठिकाणी दुखलं!" बाई हसत होत्या आणि डोळेही पुसत होत्या. हात त्यांनी खाली घेतला नाही. आठ महिन्यांनी आपलाच हात इतक्या वर दिसत होता.

मास्तरांना मात्र पुढची घाई झाली होती. "उद्या साप घेऊ. सापाचं सांगा."

"साप माझ्याकडे येत नाहीत. पण एक विचारू? त्याला खांदाच नसतो. मग सापासारखा हात चालवताना तुम्ही सुरुवात कुठून करता?"

खाली इस्त्रीची वाफ फस्सकन सुटली. "हे मला कुणी विचारलंच नाही," मास्तर म्हणाले, आणि दोन्ही हात अंगाशी घट्ट धरून सतरंजीवर पालथे पडले. "तुम्ही बघा हं. मी पुढे सरकतो. अंग नेमकं कुठून हलायला लागतंय, ते सांगा."

बाई त्यांच्या कमरेशी उकिडव्या बसल्या आणि डोळे बारीक करून पाहू लागल्या.