वर चढणारा पेट्रोलचा काटा

सरितानं वडिलांच्या, म्हणजे अण्णाजींच्या, जुन्या जीपसाठी पत्रा कापून मीटरचं नवं पॅनल घरीच बनवलं. अण्णाजींना शेजारी बसवून ती नालवाडीहून देवळीकडे निघाली. जीप जसजशी पुढे जाई, तसतसा पेट्रोलचा काटा वर चढू लागला.

"पोरी, गाडी पेट्रोल पिऊन राह्यली का बनवून राह्यली?" अण्णाजींनी विचारलं.

तिलाही काही उमगेना. काटा पार वर टेकला आणि जीप आचके देत बंद पडली. टाकी कोरडी होती! गोंधळून तिनं बोनेटवर हात ठेवला, तर चटका बसला. पेट्रोलचा काटा इंजिनची उष्णता दाखवत होता. पॅनल जोडताना तिच्याच हातून दोन काट्यांच्या तारांची अदलाबदल झाली होती. तिला रडू आलं.

"रडते काऊन? पहिले तर एकही काटा हालत नोता," म्हणत अण्णाजी कॅन घेऊन पंपाकडे निघाले.