मेणाची दाढ

सकाळी साडेनऊ वाजता, ऐन प्रात्यक्षिक परीक्षेत, धडधडच्या हातातल्या मेणाच्या दाढेचा कोपरा तुटला.

डेंटल कॉलेजात पहिल्या वर्षी खऱ्या तोंडाशी गाठ पडत नाही. मेणाचे ठोकळे कोरून दात घडवायचे. परीक्षेचा विषय निघाला की हिची छाती शेजारणीलाही ऐकू यायची, म्हणून हॉस्टेलच्या खोलीतल्या मैत्रिणीने तिला धडधड केलं. त्या मैत्रिणीला सगळे निवांत म्हणत.

धडधडची दाढ बिघडायची ती चांगली झाल्यावर. हात थांबायचाच नाही. इथे जरासं, तिथे जरासं करता करता दाढेचा दाणा व्हायचा. मग शेजारून निवांत तिची सुरी काढून घ्यायची.

"पुरे गं बाई! मुंगीला बसवणारेस का ही?"

"तुला कसं गं टेन्शन येत नाही?"

"मी झोपेतच कोरते."

कॉलेजातून आधी गाशा कोण गुंडाळणार, याबद्दल वर्गात कुणाला शंकाच नव्हती. पण एका सोमवारी निवांतचे बाबा आले आणि ती मुकाट्याने गादीची वळकटी बांधू लागली. कित्येक आठवडे तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता, हे धडधडला तेव्हा बाबांकडून कळलं. भिंतीकडे तोंड करून ती पडून असायची. आपल्यापैकी एक जण तरी शांत आहे, या भरवशावर धडधड मात्र गाढ झोपत आली होती.

कोपरा तुटलेला पाहून परीक्षेच्या मॅडमनी नवा ठोकळा दिला. या खेपेला दाढ झकास उतरली. तरी सुरी पुन्हा मेणाकडे वळली, आणि धडधड थांबली. कान शेजारच्या रिकाम्या स्टुलाकडे लागले होते. तिकडून काहीच येईना.

"पुरे गं," ती स्वतःच म्हणाली.

"काय गं?" मॅडम.

"काही नाही मॅडम. झालं माझं."

बाहेर पडल्या पडल्या तिने फोन लावला. निवांतच्या आईने उचलला.

"काकू, तिला द्या ना. माझी दाढ अख्खी राहिली, एवढंच सांगायचंय."

"झोपलीय गं ती."

"काकू, खरंच झोपलीय?"



"थांब हं," काकू म्हणाल्या, "बघते."

पावलं लांब गेली. दार करकरलं. फोन अजून चालू आहे.