ड्वेनच्या गोधडीतला लाल

ड्वेनच्या गोधडीतला लाल मी निवडला. दुसऱ्या कुणावर ढकलायची सोय नाही.

आमच्या नेब्रास्कातल्या गावात, चर्चच्या तळघरात, दर गुरुवारी आम्ही बायका जुन्या सैनिकांसाठी झेंड्याच्या लाल-पांढऱ्या-निळ्या रंगांच्या गोधड्या शिवतो. नियम एकच, गोधडी जिवंत माणसाच्याच खांद्यांवर घालायची. शवपेटीसाठी सरकार झेंडा देतं.

माझी मैत्रीण लव्हॉन, तिचा नवरा ड्वेन. व्हिएतनामच्या युद्धात लढून आलेला. वर्षानुवर्षं 'मला नको तुमची गोधडी' म्हणायचा. डॉक्टरांनी तीनच आठवडे उरलेत म्हणून सांगितलं, तेव्हा म्हणाला, "शिवा बाई एकदाची. थंडी वाजते."

लव्हॉनने कपाटातला काळपट लाल उचलला. "हाच घेऊ, आर्डिथ. धुतलेला आहे, लगेच कापता येईल."

"हा? बिटाच्या सालीसारखा दिसतोय! आपल्या झेंड्यात असला लाल कुठे असतो गं?"

"त्याला आता रंग कुठे धड दिसतोय? अंगावर पडली म्हणजे झालं."

"तू गप्प बस. चाळीस वर्षं शिवतेय मी."

ती गप्प बसली. माझ्यापुढे सगळ्याच बसतात.

मी दुकानातून लालभडक कापड आणलं. रंग सुटतो का बघायला धुताना सोबत पांढरी चिंधी टाकली, ती गुलाबी निघाली. पुन्हा धुतलं, पुन्हा गुलाबी. बायका म्हणाल्या, अजून तो काळपट आहे, घे. मी हट्टाला पेटले होते. शेजारच्या पांढऱ्यावर डाग पडलेली गोधडी माझ्या हातून जाणार नव्हती. पाचव्या धुण्यात चिंधी पांढरी राहिली, तोवर आठवडा गेला होता.

ड्वेन मंगळवारी गेला. गोधडीचा शेवटचा काठ गुरुवारी शिवून झाला.

नियम गेला चुलीत म्हणत मी ती लव्हॉनकडे घेऊन गेले. शिव्या खायची तयारी होती, खरं तर त्या हव्याच होत्या. पण ती ड्वेनच्या खुर्चीत बसली, गोधडीत तोंड खुपसलं आणि हमसून हमसून रडली. मी दारातच उभी राहिले, जवळ जायला तोंड नव्हतं.

बऱ्याच वेळाने तिने मान वर केली. लाल-पांढऱ्या पट्ट्या चिंब भिजल्या होत्या. तिने पांढऱ्यावरून अंगठा घासला, अंगठा पाहिला.

"तुझंच बरोबर होतं गं, आर्डिथ," ती म्हणाली. "जरासुद्धा रंग सुटला नाही."