फ्रीजरचा करंट आणि माझी बदनामी

मित्रांनो, मी एक जुना व्हिडिओ गेम आहे. नाणं टाकून, उभं राहून खेळायचा. मालवणात गुरुदासच्या सरबताच्या दुकानात मी कोपऱ्यात उभा असतो. एकेकाळी जत्रेच्या दिवसांत माझी दांडी कुणी सोडायला तयार नसे. गुरुदास कौतुकाने सांगायचा, "माज्या दुकानाची शान आसा ही!"

मग मोबाइल आले. तेही मी सोसलं. पण शेजारी तो आइस्क्रीमचा फ्रीजर आला आणि माझ्या पोटात दुखायला लागलं. त्याला झेंडूचा हार, त्याच्या काचेला रोज नवं फडकं! पर्यटक शिरले की आधी त्याच्याकडे धावणार. माझ्या डोक्यावर मात्र सोड्याचे रिकामे क्रेट. होय, जळतो मी त्याच्यावर. लाज कसली?

यंदा एकदा गुरुदासची बायको सुगंधा ओल्या हाताने माझं पत्र्याचं दार पुसायला आली आणि किंचाळलीच. "आई गो! करंट मारता हो!"

करंट माझा नव्हताच! फ्रीजरची मोटर सुरू झाली की आमच्या सामाईक अर्थिंगच्या तारेतून तो माझ्या अंगात उतरायचा. त्याची मूठ प्लास्टिकची, म्हणून तो साळसूद. मला सगळं कळत होतं, पण सांगणार कसा?

गुरुदासने माझ्यासमोर नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, हेच्यात काय वायट शिरला असात तर भायर काड रे म्हाराजा!" शेजारी हात जोडून म्हणाले, "व्हय म्हाराजा!" दुसऱ्या दिवशी सुगंधाला पुन्हा झटका बसला.

"आता हेका भंगारात घालतंय," गुरुदास म्हणाला.

टेम्पो दारात आला. माझी वायर सोडवायला वायरमन दत्तप्रसादला बोलावलं होतं. त्याने माझ्या दाराला टेस्टर लावला. दिवा लागला. माझी पिन काढली, दिवा विझला.

"बघलंस?" गुरुदास म्हणाला. माझा जीव टांगणीला लागला.

दत्तप्रसादने माझी पिन परत लावली आणि फ्रीजरची काढली. पुन्हा माझ्या दाराला टेस्टर लावला. दिवा लागलाच नाही!

"गुरुदास, करंट फ्रीजरातसून येता. अर्थिंगची तार खाऱ्या हवेन गंजान तुटली हा, म्हणान तो हेच्या अंगार येता. हेची काय एक चूक नाय."

मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. आता घाला त्यालाच टेम्पोत! पण गुरुदास म्हणाला, "मगे फ्रीजर आधी दुरुस्त कर रे! आइस्क्रीम इतळात."

झालं! त्याच्यासाठी ना गाऱ्हाणं, ना भंगार. तार बदलली, फ्रीजर दुरुस्त झाला, टेम्पो रिकामा गेला. मी वाचलो, तरी पोटातलं दुखणं काही गेलं नाही.

म्हणून सांगतो मित्रांनो, एखादी जुनी वस्तू करंट मारू लागली तर तिला हात लावू नका, पण लगेच भंगारातही धाडू नका. वायरमनला बोलवा आणि त्याला सांगा, आधी तिच्या लाडक्या शेजाऱ्याची पिन काढून बघ!