गोटा आज कुणाच्या दारात?

मी गोटा बोलायलोय. खजुरीच्या मारुतीपुढचा. काळा, गोल, अर्ध्या पोत्याहून जड आन् भरल्या पोत्याहून हलका. ऐकायचं आसंल तर उभं ऱ्हावा, पर मधी बोलू नका. उन्हात पडून पडून माझं डोकं कायम तापलेलं ऱ्हातंय.

माझा जन्म ओढ्यातला. एका वडारानं मला वर काढलं आन् आठ दिवस छिन्नी मारली. बोट घालायला कुठं खाच ठेवली न्हाई. हातात आलो की निसटलो पायजे, असा मला केला. मग बैलगाडीत घालून मारुतीपुढं आणून टाकला. कामून टाकला ते मला कुणी सांगितलं न्हाई.

ते कळलं नागपंचमीला. बाया लिंबाच्या झोक्यावर, आन् गडी माझ्यापुढं. एकेक जण लंगोट कसून येणार, हाताला माती लावणार, मला गुडघ्यावर घेणार, छातीला लावणार. खांद्यावर घेऊन मागं टाकला तर गडी पास. त्याचं नाव हणमंतप्पा देवळाच्या गेरूच्या भिंतीवर चुन्यानं लिवायचा. हणमंतप्पा म्हंजे देवळाची दिवाबत्ती बघणारा. उंचीनं कमी, आवाजानं जास्ती.

त्या भिंतीवर सगळ्यात खाली नाव हाय सिद्धाप्पाचं. साल त्र्याण्णव. त्याच्या खाली दुसरं नाव न्हाई. त्याच्या मागची पोरं कुणी पुण्याला कंपनीत गेली, कुणी हैदराबादला बांधकामावर. पंचमीला येतात, माझ्यावर पाय ठेवून फोटो काढतात आन् जातात. मला कुणी हात लावत न्हाई. नारळ तेवढा माझ्यावर आपटतात. मी नारळ फोडायला झालतो व्हय? पर इचारतंय कोण.

सिद्धाप्पानं रान बटईनं दिलं आन् गुलबर्ग्याला तुरीच्या डाळीच्या मिलमधी नोकरी धरली. सकाळी साडेसहाची बस, रातच्याला आठला घरी. मिलमधी दिवसभर खुर्चीवर बसून पोती उतरवून घ्यायची. देवळाला लागूनच बसथांबा हाय आन् बस कधी टायमावर येत न्हाई. म्हणून त्याचं सगळं मला ऐकू यायचं. धा-पंधरा वर्षांत त्याचं पोट त्याच्या आधी थांब्यावर यायलं.

मग त्याला साखर निघाली. डॉक्टरनं सांगितलं, रोज एक तास व्यायाम.

"तास कुठं हाय माझ्याकडं?" सिद्धाप्पा हणमंतप्पाला सांगायलता. "सकाळी बस, संध्याकाळी बस. मधी मिल. तास काय तुरीच्या पोत्यात घावतंय का?"

"बसमधी उभं ऱ्हा."

"उभाच ऱ्हातो. जागा कुठं मिळती?"

त्याचा पोरगा रविकुमार पुण्याला. तो फोनवर म्हणला, अप्पा, गुलबर्ग्यात जिम लावा. सिद्धाप्पा चार दिवस गेला. पाचव्या दिवशी थांब्यावर तोंड पाडून बसला. म्हणला, "चारी भिंतींना आरसे हायती. जिकडं बघावं तिकडं मीच. एवढी माणसं बघून मला दम लागला. आन् जिम उघडायच्या टायमाला मी बसमधी, बंद व्हायच्या टायमालाबी बसमधी. चार दिवस मालकाला खोटं सांगून गेलो. आता सांगायला कुणी मरायचं ऱ्हायलं न्हाई."

मग तो गुलबर्ग्यातल्याच मोठ्या मैदानावर गेला. तिथं साहेब लोकं पांढरे बूट घालून गोल गोल फिरतात. हा धोतरावर. एका साहेबानं त्याला वॉचमन समजून गेट उघडायला लावलं. ह्यानं उघडलं. दुसऱ्या दिवशीबी उघडलं. तिसऱ्या दिवशी गेला न्हाई.

शेवटी म्हणला, गावातच चालतो, रविवारी. पर गावात कुणी उगं चालतंय का? दर दाराला एकच सवाल.

"कुठं जायलास, सिद्धाप्पा?"

"कुठं न्हाई."

"बैल सुटलं का?"

"न्हाई."

"घरात भांडण झालं का?"

एकानं तर मोटारसायकल थांबवून बळंच मागं बसवलं आन् घरी नेऊन सोडलं. पद्माबाईला म्हणला, वहिनी, लक्ष ठेवा, हे आळंदच्या रोडनं एकटंच निघालतं. पद्माबाई म्हंजे सिद्धाप्पाची बायको. तिला भलताच संशय आला आन् तिनं त्याचा चार दिवस फोन काढून घेतला.

तवा सिद्धाप्पाच्या डोक्यात मी आलो. पंचमी होऊन आठ दिवस झालते. आळंदला बाजार, गावात माणूस न्हाई. मिलचा टेम्पो तूर न्यायला आलता. भर दुपारी चार हमालांनी मला उचलून टेम्पोत टाकलं आन् खालच्या गल्लीला सिद्धाप्पाच्या अंगणात उतरवलं. ज्यानं एकट्यानं मला मागं टाकलतं, तो बाजूला उभा राहून म्हणायलता, "हळू, हळू." मला शरम वाटली. त्याला वाटली का न्हाई, ते तोंडावरून कळलं न्हाई.

पहिल्या दिवशी त्यानं मला गुडघ्यापतूर घेतलं. दुसऱ्या दिवशी घोट्यापतूर. तिसऱ्या दिवशी पाठीत उसण भरली.

"आवं, देवाचा गोटा हाय," पद्माबाई शेकता शेकता म्हणली. "इचारून तरी आणायचा."

"कुणाला इचारू? देव कुठं उचलायलाय त्याला."

त्याच्यानंतर मी अंगणातच पडलो. पद्माबाईनं माझ्यावर धुणं आपटलं. शेळीचं दावं मला बांधलं. शेळी येडी, चाऱ्यासाठी दिवसभर मला ओढायची. अख्ख्या घरात व्यायाम करणारी ती एकटीच.

अकरा महिने गावात कुणाला कळलं न्हाई की मी जागेवर न्हाई. माझा खरा राग त्याच्यावर हाय, सिद्धाप्पावर न्हाई.

पंचमी आली. हणमंतप्पा नारळ घेऊन वाकला, आन् आपटायला खाली काहीच न्हाई. तवा गावाला मी आठवलो. शोधाशोध झाली. शेळीच्या दाव्यानं मी सापडलो.

देवळापुढं माणसं बसली. सिद्धाप्पानं खोटं सांगितलं न्हाई. म्हणला, "व्यायामाला नेलता."

"केलास?" हणमंतप्पानं इचारलं.

"तीन दिवस."

माणसं हसली. हणमंतप्पा हसला न्हाई. तो भिंतीपाशी गेला आन् शेवटच्या नावावर बोट ठेवलं. "हे नाव कुणाचं हाय?"

"माझं."

"हा गडी गोटा खांद्यावर घेणारा. तू टेम्पोत घालून नेणारा. दोघं एक कसे? ऐक. गोटा जसा गेला तसा यायचा न्हाई. तुझ्या हातानं यायचा. टेम्पो न्हाई, गाडी न्हाई, दुसऱ्याचा हात न्हाई. फुडच्या पंचमीला जागेवर दिसला न्हाई तर मी गेरूची बादली आणतो आन् हे नाव पुसतो."

सिद्धाप्पानं बोट ठेवलेल्या जागेकडं बघितलं. म्हणला, "दोन हजार पावलं हायती, अण्णा."

"मग साल कशाला दिलंय तुला."

माणसं उठून गेली. तो भिंतीपुढंच उभा ऱ्हायला. मला वाटतं, त्याच्याकडं गावात तेवढंच उरलतं. रान दुसऱ्याच्या हातात, पोरगा पुण्यात, दिवस मिलमधी. भिंतीवर तेवढा तो होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं माझं शेळीचं दावं सोडलं, डबा खुंटीला अडकवला, धोतर खोचलं, मला पोटाला लावलं आन् दोन पावलं टाकली. खाली ठेवलं. डबा घेतला, बसला गेला. झालं. पाणी तापायलाबी जास्ती टाइम लागतो.

तिसऱ्या दिवशी तीन पावलं. आठवड्यानं मी अंगणाच्या बाहेर. रोज तो त्याच वाटेनं थांब्याला जायचा, म्हणून रोज मी वाटेत भेटायचो. वेगळं कुठं जायचं न्हाई, वेगळा तास काढायचा न्हाई. जाता जाता मला उचलायचं, दम लागंपतूर न्यायचं, ठेवायचं, फुडं जायचं. दिवाळीला धा पावलं व्हायली. आन् आता कुणी त्याला कुठं जायलास म्हणून इचारत न्हाई. सगळ्यांना म्हाईत, कुठं जायलाय.

गावाला नवीन नाद लागला. पाण्याला जाताना, गिरणीला जाताना एकच इचारायचे, "गोटा आज कुणाच्या दारात?" रविकुमारबी पुण्यावरून फोनवर आईला तेच इचारायला लागला. आधी तो साखर किती इचारायचा.

संक्रांतीच्या आधी मी राजूबाईच्या दारात पोचलो. राजूबाई एकटी बाई, तोंडानं फटकळ. नेमकं तवाच तुरीचा हंगाम लागला. मिल रात-दिवस चालू, सिद्धाप्पाला तिथंच झोपावं लागलं. रविवारीबी येणं न्हाई. दोन महिने मी तिच्या उंबऱ्यापुढं.

"सिद्धाप्पा," एकदा तो कपडे बदलायला आला तवा तिनं धरला. "दारात येतंय तर चहा पिऊन जातंय माणूस. हे दोन महिने झालं बसलंय. उचल."

"अक्का, आज अंगात जीव न्हाई."

"मग मी लोटू का फुडं?"

"दुसऱ्याचा हात चालत न्हाई."

"कामून?"

"नाव जातंय."

राजूबाई फणकारून आत गेली.

चार दिवसांनी गल्लीत शिमिटचा रस्ता करायला जेसीबी आला. ड्रायव्हर परगावचा. त्यानं सरळ फावडं माझ्याकडं वळवलं. एक धक्का बसला आसता, तर मी ओढ्यात. जिथून निघालो तिथंच. सिद्धाप्पा तिकडं गुलबर्ग्याला पोती मोजायलता, त्याला ह्यातलं काही म्हाईत न्हाई.

राजूबाई मिरच्याचं सूप घेऊन भाईर आली आन् माझ्यावर बसली.

"अक्का, बाजूला व्हा," ड्रायव्हर म्हणला.

"माझ्या दारात बसलेय. मिरच्या निवडायलेय."

"दगड हलवायचाय."

"त्याला हात लावायचा न्हाई. तुझा न्हाई, तुझ्या मशीनचाबी न्हाई. ह्याचा माणूस येणार हाय."

दोन दिवस ती बसली. मिरच्या संपल्या तवा तूर निवडायला घेतली. शेवटी त्यांनी माझ्या बाजूनं रस्ता केला. आजबी तिच्या दारापुढं शिमिटात माझ्या मापाचं गोल भोक हाय. मला आयुष्यात कुणी बसायला घेतलं त्याचा कायम राग आला. राजूबाईचा आला न्हाई.

हंगाम संपला. सिद्धाप्पा आला तवा राजूबाईनं एवढंच सांगितलं, "तुझा पाहुणा घेऊन जा." रस्त्याचं तिनं सांगितलं न्हाई, ते त्याला भोक बघून कळलं. मला उचलायच्या आधी तो तिथं जरा टेकला. मग एका दमात पंधरा पावलं गेला.

पर दोन महिने गेलते ते गेलतेच. फुडं चढ होता. चढाला पंधराची सात झाली. उन्हाळ्यात तर मी एवढा तापायचो की त्याच्या पोटाची कातडी लाल व्हायची. मधी डॉक्टरनं त्याचं रगत बघितलं आन् इचारलं, व्यायामाला कुठं जाता? हा म्हणला, "आधी राजूबाईच्या दारात होतो, आता पोस्टापाशी हाय." डॉक्टरनं लिवून घेतलं. साखर उतरलती.

पंचमीच्या सकाळी मी देवळापासून साठ पावलं होतो. त्याची जास्तीत जास्त तीस. सगळं गाव जमलं. झोके थांबले. पुण्या-हैदराबादची पोरं फोन काढून उभी. आन् हणमंतप्पा भिंतीपाशी, पायाशी गेरूची बादली, हातात कुंचा.

"खाली ठेवायला चालतंय का?" कुणीतरी इचारलं.

"मध्यान्हीच्या आत जागेवर पायजे. मधी किती बी ठेव," हणमंतप्पा म्हणला.

सिद्धाप्पानं पहिल्यांदा अठ्ठावीस टाकली. बसला. पद्माबाईनं तांब्या फुडं केला, त्यानं पाणी तोंडावर मारलं, प्याला न्हाई. दुसऱ्यांदा वीस. तिसऱ्यांदा त्याच्या हातातून मी निसटायलो. वडारानं मला तसाच केलता, मी तरी काय करू. त्यानं मला मांडीवर झेललं, तिथंच अर्धं वाकून उभा ऱ्हायला. त्याचं काळीज माझ्या पाठीला लागायलतं. मग परत छातीला घेतलं आन् बारा पावलं नेऊन जागेवर ठेवलं. टाकलं न्हाई, ठेवलं.

खांद्यावर घ्यायला कुणी सांगितलं न्हाई.

हणमंतप्पानं बादलीत कुंचा बुडवला. माणसं म्हणली, अण्णा, आता कामून? तो भिंतीपाशी बसला आन् सिद्धाप्पाच्या नावाच्या अवतीभवती, अक्षराला धक्का न लावता, ताजा गेरू लावला. सतरा वर्षांचं नाव पांढरं फटक वर आलं.

"गेरू कालवलाच होता," तो म्हणला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिद्धाप्पा थांब्यावर आला. बस न्हाई. डबा घेऊन माझ्यापुढं उभा ऱ्हायला. आजूबाजूला बघितलं. मग डबा खाली ठेवला, मला उचललं आन् तोंड खालच्या गल्लीकडं केलं.

"आता कुठं जायलास?" हणमंतप्पा ओट्यावरून वरडला.

"घराकडं."

"आन् मग?"

"मग परत आणतो."

हणमंतप्पानं इचार केला. म्हणला, "पंचमीला जागेवर पायजे."

दोन वर्षं झाली. पंचमीला मी देवळापुढं असतो, बाकी दिवस वाटेवर. सगळ्या गल्लीची दारं मला म्हाईत झाली. जागेवर बसून नारळ खाण्यापेक्षा हे बरं. आज मी राजूबाईच्या दारात हाय, त्या भोकाच्या बाजूलाच. ती आत भाकरी करायलीय.

तुमाला एकच सांगणं. खजुरीला आलात आन् मी वाटेत आडवा लागलो, तर शिव्या देऊ नका, बाजूला लोटू नका, शेंदूर तर अजिबात फासू नका. वळसा घालून जावा. मला उद्या सकाळी साडेसहाच्या आत न्यायला माणूस येणार हाय.