नऊ तबकड्यांचं लग्न

मित्रांनो, शहरात मला ग्रामोफोन म्हणतात. परतूरच्या लोकांसाठी मात्र मी पहिल्यापासून चावीचा बाजा. सागवानी पेटी, बाजूला चावी, वर फिरती थाळी आणि धोतऱ्याच्या फुलासारखा पितळी कर्णा, असा माझा थाट होता. आता थाट उरलेला नाही, आठवणी उरल्या आहेत.

माझी उमेदीची वर्षं जालन्यातल्या एका बड्या घराच्या दिवाणखान्यात गेली. मालकाखेरीज कुणी मला हात लावत नसे. एकोणपन्नास साली ते कुटुंब हैदराबादेला कायमचं निघालं आणि सामान विक्रीला निघालं. त्याच दिवशी परतूरचा त्रिंबक जुनी मेंढरं विकून नवी घ्यायला जालन्याच्या बाजारात आला होता. मेंढरं विकली गेली, आणि घरी जाताना त्याच्या गाडीत मी आणि तीस तबकड्या होत्या.

"नवी मेंढरं आनायची होती ना? कुठंयत?" त्याची बायको आशाबाई दारातच म्हणाली.

"ही काय," म्हणत त्रिंबकनं माझ्यावरची चादर काढली.

दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तो बाहेर गेलेला पाहून तिनं चावी दिली, सुई टेकवली आणि माझ्यासमोर भाकरी थापत बसली.

मग त्रिंबक मला लग्नाकार्यांत, जत्रांत नेऊ लागला. कर्णा मंडपाबाहेर रोखायचा आणि सगळ्यांत दणक्याची तबकडी आधी लावायची, ही त्याची रीत. लोक गोळा होत, मुलं माझ्या कर्ण्यात डोकावून आत माणूस शोधत. कुणी म्हणे, "काय आवाज हाय बाजाचा." मी फुगून जाई. पण दुपारपर्यंत त्रिंबकची चांगली गाणी संपून जात, आणि संध्याकाळी तो उगीच काहीबाही लावत बसे.

आशाबाईला वाचता येत नव्हतं. तबकडीवरचं नाव तिला कळत नसे. तिनं प्रत्येक तबकडीच्या कागदी पाकिटाला लोकरीचा धागा बांधला होता. पांढरा सकाळचा, काळा रात्रीचा, तांबडा नाचायचा. तबकडी उजेडात तिरपी धरून ती रेघा न्याहाळायची. रेघा रुंद, चमकत्या दिसल्या की तिथं गाणं चढतं, हे तिनं स्वतःच हेरलं होतं. "ह्या गान्यावर हात चालतो, आन् ह्या गान्यावर थांबतो," असं ती दळताना, निवडताना स्वतःशी बोलायची. ते ऐकणारा मी एकटाच होतो.

त्रेपन्न सालचा वैशाख. आष्टीच्या रामकिसनच्या लेकीचं, सोनूचं लग्न होतं. त्रिंबकनं महिनाभर आधी शब्द दिलेला, आणि ऐन आदल्या दिवशी तो हिवतापानं फणफणला. तीन गोधड्यांखाली दात वाजत होते.

"शब्द गेला आपला," तो म्हणाला.

"शब्द न्हाई जात. मी चालले," आशाबाई म्हणाली.

तबकड्यांच्या पत्र्याच्या पेटीत एकवीस मावल्या. नऊ उरल्या, त्या तिनं घोंगडीत गुंडाळून माझ्या खाली ठेवल्या. पहाटेच गाडी जुंपली. आष्टीला पोचलो तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. गाडी मांडवापाशी थांबते न थांबते तोच नवरीचा चुलता रखमाजी पुढे आला.

"त्रिंबक कुठं हाय?"

"तापानं पडलेत. मी वाजवनार."

"बाईमानूस बाजा वाजवनार? पाव्हने हसतील आमाला. गाडी फिरव माघारी."

आशाबाई गाडीतून उतरली, पण माघारी फिरली नाही. रामकिसनला बोलावणं गेलं. तो आचाऱ्यांकडून यायचा होता. रखमाजी बोलत राहिला, आणि सगळा वेळ गाडी उन्हात उभी राहिली. शेवटी रामकिसन आला. तो थकलेला होता. "दादा, बाजा आला ते बरंच झालं म्हना. वाजवू द्या," एवढंच तो म्हणाला.

लिंबाच्या सावलीत माझी जागा झाली. आशाबाईनं पत्र्याची पेटी उघडली आणि तिचा हात तसाच राहिला. उन्हानं पत्रा तापला होता. एकवीसच्या एकवीस तबकड्यांच्या कडा वाळवणाच्या पापडासारख्या वर वळल्या होत्या. मित्रांनो, त्या लाखेच्या तबकड्या, उन्हाला फार हळव्या. वाकलेल्या तबकडीवर सुई टेकत नाही, उडते.

घोंगडीतल्या नऊ शाबूत होत्या. एक बाजू जेमतेम तीन मिनिटं चाले. नऊ तबकड्यांच्या अठरा बाजू, म्हणजे तासाभराची गाणी, आणि समोर अख्खा दिवस.

मला वाटलं, आता ही रडेल. तिनं पेटी मिटली, वर फडकं टाकलं आणि नऊ तबकड्या मांडीवर घेऊन बसली. एकेक तिरपी धरून पाहिली. भूपाळी एक, अभंग तीन, गवळणी दोन, सनई एक, विहिणींच्या थट्टेचं एक, ढोलकीचं एकच. तिनं ढोलकीची आणि सनईची तबकडी बाजूला काढून पुन्हा घोंगडीत ठेवली.

भूपाळीनं सुरुवात केली. एक बाजू संपली की सुई बदलायची, चावी द्यायची. त्रिंबक हे घाईघाईनं करी. आशाबाईनं घाई केली नाही. लोक बोलत होते, तोवर बोलू दिलं. आवाज मावळायला लागला की सुई टेकवायची. एक गाणं असं तीन मिनिटांच्या जागी दहा मिनिटं पुरू लागलं, आणि लोक कान देऊन वाट पाहू लागले.

भर दुपारी लग्न लागलं. मग पंगती बसल्या. पहिल्या पंगतीला तिनं दोन्ही गवळणी लावल्या, वाढणाऱ्यांचे पाय त्या तालावर पडू लागले. पंगत उठली, दुसरी बसली, आणि तिनं पुन्हा त्याच गवळणी लावल्या. आता लोक कंटाळतील, असं मला वाटलं. पण जेवणारी माणसं नवी होती. त्यांच्यासाठी गाणीही नवी होती. तिसऱ्या पंगतीला तिनं माझा कर्णा चुलाणाकडे वळवला आणि थट्टेचं गाणं लावलं. सकाळपासून धुरात राबणाऱ्या बाया खदखदा हसल्या.

नवरदेवाकडची पोरं सारखी येत होती. "ढोलकीचं लावा ना, मावशी."

"लावते. एकदाच लावनार हाय. समदे जमा झाल्यावर."

रखमाजी लांबून पाहत होता. उन्हं कलल्यावर तो जवळ आला. पेटीवरचं फडकं वाऱ्यानं सरकलं होतं. झाकण उचलून त्यानं आत पाहिलं.

"कधी झालं हे?"

"सकाळी. गाडी उन्हात उभी होती तवा."

"मंग दिसभर कशावर वाजवलं?"

"नऊवर."

त्यानं झाकण हळूच लावलं. मग स्वतः जाऊन माठातलं पाणी आणलं आणि तांब्या तिच्या हातात दिला.

सगळे जमले तेव्हा ढोलकी वाजली. म्हातारेसुद्धा नाचले. "आणखी एकदा" म्हणून गलका झाला, पण तिनं तबकडी पाकिटात घातली होती. मन भरायच्या आत ती थांबली. जरा वेळानं, नवरी गाडीत बसताना, सनई लावली. त्या सनईला शब्द नव्हते. सोनूची आई लेकीचा हात सोडत नव्हती, ती बाजू संपेपर्यंत कुणी तिला सोड म्हटलं नाही.

पुढच्या वर्षी रखमाजी परतूरला आमच्या घरी आला. त्याच्या स्वतःच्या लेकीचं लग्न ठरलं होतं.

"येतो की," त्रिंबक म्हणाला.

"तू न्हाई आलास तरी चालंल," रखमाजी म्हणाला. "आशाबाईला धाड."

त्रिंबकचा चेहरा पडला. "चावी द्यायला तरी येऊ दे मला," तो म्हणाला, आणि तिघंही हसले. त्यानंतर चार-पाच वर्षं तो चावी देई, ती निवडे. आमच्या बैलगाडीनं अंबडपर्यंतची लग्नं पाहिली.

मग परतुरात विजेवरचा बाजा आला. जगन्नाथ नावाच्या तरुणानं तो आणला. त्याचा आवाज चार गल्ल्या ऐकू जाई. मला बोलावणी येईनाशी झाली. एके दिवशी चावीनं गुंडाळली जाणारी माझी आतली कमान तुटली, आणि मी माळ्यावर गेलो. मला वाटलं, आता आशाबाईही माझ्यासारखीच घरी बसेल.

पण गेल्या दिवाळीनंतर जगन्नाथ आमच्या दारात आला. "मावशी, माझ्याकडं शंभर तबकड्या हाईत, पन लोक अर्ध्यातून उठून जातात," तो म्हणाला. "तुमी येता का?" ती गेली. आता कुठं लग्न असलं की जाते. माळ्यावर मला तिच्या चपलांचा आवाज ऐकू येतो.

सुरुवातीला मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं लोक माझा आवाज वाखाणत होते आणि ते सगळं कौतुक माझंच, असं मी धरून चाललो होतो. मित्रांनो, जुनी वस्तू घरात असेल तर तिला उन्हापावसात टाकू नका, अधूनमधून धूळ पुसा. आम्हाला तेवढं पुरतं. पण पुसताना घरात एकदा विचारा की हिच्यावर गाणी कोण निवडत होतं. ते माणूस हयात असेल, तर आधी त्याच्यापाशी जाऊन बसा.